पोलिसांचे मेडल आधी लावू देण्याबाबत

प्रति,
मा. संचलनप्रमुख श्री. थ्रेलफॉल,
स्मृतिदिन समिती, टाउन हॉल,
हॅदरबी, यॉर्कशायर.

विषय : माझे वडील, निवृत्त पोलीस सार्जंट हर्बर्ट स्टॅनिफोर्थ (वय ८४), यांना पदके त्यांनी लावली आहेत त्याच क्रमाने ठेवून स्मृतिरविवारी (युद्धात पडलेल्यांच्या स्मरणदिनी) संचलनात चालू देण्याबाबत.
संदर्भ : गेल्या रविवारच्या तालमीत आपण त्यांना रांगेबाहेर काढले, तो प्रसंग.

महोदय,

१. नियम आपल्या बाजूने आहे, हे आधीच कबूल करते. कोटाच्या बटणांकडून आधी लढाईची पदके, पोलिसांच्या दीर्घ सेवेचे शेवटी, हे आपल्या गावातले शेंबडे पोरही सांगेल. वडिलांनी यंदा पोलिसांचे पहिले लावले आहे. विसरून नव्हे, ते विसरतात फक्त चष्मा.

२. घरगुती उपाय करून झाले. मी पदके उसवून नियमाप्रमाणे टाचली. चहा उकळेपर्यंत वडिलांनी ती पुन्हा फिरवली, तीही माझ्याहून सुबक टाक्यांनी. त्यांचे जुने सहकारी श्री. ऑलरॉइड समजूत घालायला आले, आल्याच्या केकचे दोन तुकडे खाल्ले आणि वडिलांच्या पक्षात गेले.

३. कारण असे. लढाईची पदके लढाई संपल्यावर काही वर्षांनी टपालाने आली, पुठ्ठ्याच्या डबीत, फिती सुट्या. वडील गस्तीवर होते. आईने डबी घेतली आणि पुढे तीत बटणे ठेवली. पोलिसांचे मेडल मात्र मोठ्या साहेबांनी भर सभेत छातीवर लावले, आणि आई नवी हॅट घालून पुढच्या रांगेत होती. मी खोदून विचारले तेव्हा वडील म्हणाले, "लढाईत मी काय केलं ते तुझ्या आईनं पाहिलं नाही, मी सांगितलंही नाही, पोरी. हे तिनं पाहिलंय. तीस वर्षं माझं ताट गरम ठेवलंय तिनं. ते आधी." आई मार्चमध्ये गेली. तिच्याविना हे पहिलेच संचलन.

४. आपली अडचण जाणून काही पर्याय सुचवते. सलामीचा मंच रस्त्यापलीकडे, बँकेसमोर हलवावा, म्हणजे मान्यवरांना वडिलांची उजवी, बिनपदकांची बाजूच दिसेल. मंच जड असल्यास पाऊस पाडावा. सगळेच रेनकोटात झाकले जातील, आणि नोव्हेंबरात आपल्याकडे हे समितीच्या जवळजवळ हातातच असते. तेही न जमल्यास वडील समोरून जाताना आपण वाकून बुटाची नाडी बांधावी.

५. आपण शाळकरी असताना बिनदिव्याची सायकल चालवल्याबद्दल वडिलांनी आपल्याला कानाला धरून घरी पोचवले होते. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही, सहज आठवले.

६. तालमीत वडील आपल्याला म्हणाले, "नियम तुमचा बरोबर आहे साहेब, पण छाती माझी आहे." आपल्याला ते उद्धट वाटले असेल. मला ते खरे वाटले. आपण लेखी हुकूम काढलात तर वडील तो पाळतील, याची मला खात्री आहे आणि भीती आहे ती त्याचीच. सगळी पदके उतरवतील, ड्रॉवरमध्ये ठेवतील आणि त्या दिवशी घरी बसतील. कुरकुरणारही नाहीत. आधी सैन्यात, मग पोलिसांत, उभा जन्म त्यांनी हुकूम पाळण्यात काढला. हट्ट असा हा पहिलाच. तरी कृपा करून हुकूम काढू नये, ही विनंती.

वडिलांइतकी आज्ञाधारक नसलेली, तरी आपली नम्र,
लिनेट स्टॅनिफोर्थ
३१ ऑक्टोबर २००६

सोबत : काही नाही. पदके कोटावर आहेत, आणि कोट वडील कुणाच्या हाती देत नाहीत.