मेजापर्यंत

लुईस बेट, स्कॉटलंड,
६ ऑक्टोबर १९६४

प्रिय शोनाग,

तुझं पत्र शनिवारच्या बोटीनं पोचलं. मी बरी आहे, गुडघे सोडले तर. तुझ्याकडे ओंटारियोत थंडी सुरू झाली असेल. मुलांसाठी मोजे विणून ठेवलेत, ते वेगळे पाठवते.

तुला आठवतं का, मी लग्न होऊन या बेटावर आले त्या पहिल्या उन्हाळ्यात आपण दोघी माळावर पीटच्या विटा वाळायला उभ्या करत होतो? वर्षभराचं जळण ते. तुझ्या नाकाला काळं लागलं होतं आणि मी तुला ते सांगत नव्हते. तू मध्येच म्हणालीस, "वहिनी, तुमच्या कॅथलिकांत कळतं का गं माणसाला, आपण तरणार की नाही ते?" मी म्हटलं, कळत नाही, पण आम्ही रोज विचारत राहतो. तू म्हणालीस, "आमच्या प्रॉटेस्टंटांत कोण तरणार ते जग व्हायच्या आधीच ठरलंय. फक्त आम्हाला कोणी कळवलेलं नाही." मग आपण इतक्या हसलो की तुझ्या भावानं, टोर्मोडनं, लांबून ओरडून विचारलं, जळण आपोआप उभं राहणार आहे का?

बाकी बातम्या विशेष नाहीत. गाय आटली. शेजारची डोलिना अजून मला 'पोपची सून' म्हणते, पण आता लोणी घेऊन येते आणि म्हणते. टोर्मोडच्या मागावर अर्धं कापड तसंच आहे. मला कापायला धीर होत नाही.

मी प्रश्नाच्या कडेकडेनं लिहिते आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तारेत मी तो गेला एवढंच कळवलं होतं. तू उलट एकच विचारलंस, शेवटी तो मेजाशी बसला का?

सांगते. पण सगळं वाच. मधेच पत्र टाकून देऊ नकोस.

आयुष्यभर तो देवळात मागच्या बाकावर बसला. पवित्र भोजनाचा तो रविवार आला की गाव लोटतं, पांढरं कापड घातलेल्या त्या लांब मेजाशी भाकरी घ्यायला मात्र मोजकीच माणसं जातात, आणि बाकीचे चांगलेचुंगले लोक मागून बघतात. आपण निवडलेल्यांपैकी आहोत याची खूण स्वतःत सापडल्याशिवाय जायचं कसं? तुझ्या बाबांनी तसंच मागे बसून डोळे मिटले. टोर्मोडला वाटे, आपणही तसेच जाणार. छातीचं दुखणं वाढलं तसा तो गप्प झाला. मरणाला तो भीत नव्हता गं. त्या भाकरीला हात लावायचा आपल्याला हक्क नाही, याला भीत होता.

सप्टेंबरातल्या भोजनाआधीच्या शुक्रवारी नेहमीप्रमाणे देवळात पुरुषांनी एकेक उभं राहून सांगितलं, देवानं निवडलेला माणूस कशावरून ओळखावा. टोर्मोड ऐकून घरी आला तो उतरलेल्या चेहऱ्यानंच. दुपारी मुर्दो आला. मेंढ्या माळावरून खाली आणल्या होत्या, त्या कोणाच्या ते बघून वेगळ्या करायच्या होत्या. टोर्मोड मेंढवाड्याच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसला होता. लहानपणापासूनचे मित्र ते, आता मुर्दो देवळाच्या पंचांतला, मंडळीचा वडील झालाय, तरी दोघं एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय बोलत नसत. टोर्मोड म्हणाला, "खूप शोधलं रे. माझ्यात खूण नाही."

मुर्दोनं एका मेंढीचं डोकं काखेत धरून कानावरची मालकाच्या खुणेची चीर तपासली. मग म्हणाला, "मेंढीला स्वतःचा कान कधी दिसलाय का, गाढवा? तिला फक्त हाक ऐकू येते." आणि वर, तू तर जेवायला हाक मारली तरी येत नाहीस, हेही.

टोर्मोड हसला नाही. संध्याकाळपर्यंत तो त्या मेंढ्यांकडे बघत राहिला.

शनिवारी, ज्यांना मेजाशी जायचं असतं ते मंडळीच्या वडिलांपुढे जाऊन परवानगीचा शिशाचा बिल्ला घेतात. टोर्मोड गेला नाही. त्यानं काही ठरवलंच नव्हतं. रविवारी मी त्याला देवळात नेलं आणि शेजारी बसले, कारण त्याला एकट्याला बसवत नव्हतं. मेज खुलं झालं, स्तोत्र सुरू झालं. एक माणूस ओळ म्हणतो आणि सारं देऊळ ती लाटेसारखी उचलतं, तू विसरली नसशील. तेवढ्यात माझ्या शेजारचं बाक करकरलं. टोर्मोड पुढच्या बाकाला धरून उभा राहत होता.

मी त्याचा दंड धरला. पोपची सून मधल्या वाटेनं चालली, आणि कोणी मान वळवली नाही. शाळेत सिस्टर कोलंबा म्हणायच्या, देवाला तुझं उत्तर आधीच माहीत असतं, पण तो तुझ्याआधी ते बोलत नाही. तेव्हा मला ती पळवाट वाटली होती. त्या दिवशी मी ते डोळ्यांनी पाहिलं, बाई. कोणीतरी तिथे थांबून होतं.

मेजाच्या टोकाशी बिल्ले घ्यायला मुर्दो उभा होता. त्याची ओंजळ पुढे आली आणि तशीच राहिली.

"बिल्ला, टोर्मोड," तो हळूच म्हणाला.

"नाहीये रे. हाक आज आली."

मुर्दोनं प्रार्थना चालवणाऱ्या पाळकांकडे पाहिलं. पाळकांनी डोळे मिटले होते. स्तोत्र संपत आलं होतं. मुर्दो बाजूला झाला नाही. नियम त्याच्याही आधीचे आहेत. टोर्मोडनं त्याच्या रिकाम्या ओंजळीवर आपला हात ठेवला, क्षणभर दाबला आणि वळला.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. तो मेजापर्यंत गेला. बसला नाही.

तुला राग येईल. मलाही आला होता. पण तू त्याचा चेहरा पाहिला नाहीस. घरी शेगडीजवळ बसल्यावर म्हणाला, "एफी, मला वाटायचं, बोलावणं आलं की पाय आपोआप उठतील. तसं नव्हतं गं. पाय मलाच उचलावे लागले, फार जड होते. आणि तरी ते उचलायचं मनात कोणी घातलं म्हणशील, तर मी नव्हे." मग बराच वेळ आपल्या पायांकडे बघत बसला, जणू ते कोणीतरी आत्ताच आणून दिले होते. मी त्याचे मोजे काढले.

त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी तो गेला. शांत होता.

मुर्दो मातीला आला, पण घरात आला नाही. कुंपणाशी मला म्हणाला, "एफी, मला वेगळं वागता आलं असतं का?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही. खरंच ठाऊक नाही, शोनाग.

टोर्मोडनं कोणाला काय द्यायचं ते सांगून ठेवलंय. माग डोलिनाच्या नातीला, तिचा हात चांगला आहे. निळा कोट पोस्टमनला, आणि त्यानं तो रोज घालायचा, कपाटात ठेवायचा नाही. बाबांचं स्तोत्रांचं पुस्तक तुला. बाबांनी ठेवलेली होडी त्याची आणि तुझी निम्मी निम्मी आहे. त्याची निम्मी त्यानं मुर्दोला दिली. उरलेली निम्मी काय करायची ते तू ठरव, असं म्हणाला. तुझ्यावर कोणी जोर करणार नाही. पण तीही त्यालाच द्यायचं ठरवलंस तर मला नको, मुर्दोलाच लिही, आणि क्षमेबिमेचं काही लिहू नकोस. एवढंच लिही की थंडीच्या आत होडीला डांबर लावायला हवं.

वाट बघणारी,
तुझी वहिनी
एफी