पहिल्या वेलांटीची चिठ्ठी

ती. दादास,

सा. न. (साष्टांग आहे खरा, पण गुडघा ऐकत नसल्यामुळे यंदा तो कागदावरच गोड मानून घे.)

तुझी तब्येत बरी असेल अशी आशा करते. कंबरेचा पट्टा कंबरेला लावतोस की अजून खुंटीलाच? इकडे आम्ही दोघी ठीक. शुक्रवारी चारला गाडी घेऊन येतोयस आणि खारूला घरी नेतोयस, लक्षात आहे. वहिनी गेल्यावर "दोन महिने सांभाळ" म्हणून पोर माझ्याकडे सोडलीस, त्याला दोन वर्षं झाली. पण तुझा हिशेब लहानपणापासून असाच आहे. तिचे खोके भरायला घेतलेत. ती गेली की निदान माझ्या चपलांमध्ये खडूचे तुकडे सापडायचे बंद होतील. मी पाय पसरून बसेन, दोन वेळा चहा पिईन, कुणी "आत्या, हे बघ" म्हणणार नाही. तर ते असो. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू "हं, हं" करतोस आणि तिकडे कुणाला तरी खिळे आणायला पाठवतोस.

माझं काम काय, हे तुला अजून कळलेलं नाही. "बहीण शाळेत उपदेश करते" असं तू लोकांना सांगतोस, हे माझ्या कानावर आलंय. समुपदेशक, दादा. उपदेश करायला बाकी अख्खी शाळा आहे, मी ऐकते. जिन्याखाली माझी खोली आहे. त्यात मुलांच्या मापाच्या दोन लाकडी खुर्च्या, एक खिडकी आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्याच्या झाकणाला चीर पाडलीय. ज्याला तोंडानं सांगवत नाही त्यानं चिठ्ठी टाकायची. डब्यातलं मी कुणाला सांगत नाही, मुलाच्या जिवाला धोका असेल तेवढं सोडून. हा नियम मी पहिलीपासून चौथीपर्यंतच्या तीनशे बारा मुलांना स्वतः वर्गावर्गात जाऊन सांगितला आहे. एरवी त्यात "माझा दात पडला, तुम्हाला माहीत असावं" किंवा "चित्रकलेच्या बाईंना सुट्टी द्या, त्या दमल्यात" असलंच काहीतरी येतं.

सोमवारी डबा उघडला. चौकटीच्या वहीचा फाडलेला कागद, त्यावर हिरव्या पेन्सिलीनं एवढंच: "शुक्रवारि मि घरि जाणार नाहि." नाव नाही, वर्ग नाही. दादा, आमच्या धंद्यात ह्या वाक्याला फार वाईट अर्थ असतात. घरी कोण मारतं का, कोण येणार आहे का, पोर कुठे निघून जाणार आहे का? आणि हातात चार दिवस. मोठ्या बाईंना (मुख्याध्यापिका, पण असं म्हटलेलं त्यांना आवडत नाही) सांगणं भाग होतं. त्या म्हणाल्या, सगळ्या पालकांना सूचना पाठवू. मी हातापाया पडले. ज्या घराला पोर घाबरतं त्याच घरी पोराची चुगली पोचवायची? शेवटी मला गुरुवार दुपारपर्यंतची मुदत मिळाली. त्यानंतर सूचना जाणार, आणि माझी खोली मोडक्या बाकांना मिळणार, हेही त्यांनी जाता जाता सुचवलं.

मग मी अक्कल चालवली. (इथे तू हसणार, हस.) एका वाक्यात चार वेलांट्या आणि चारही पहिल्या! म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा गंध नसलेलं पोर. अक्षर तिसरी-चौथीचं. मंगळवारी दोन्ही वर्गांत शुद्धलेखन घेतलं, त्यात "मी", "घरी", "नाही" बेमालूम पेरले. चौऱ्याऐंशी मुलांपैकी सहासष्ट जणांनी सगळ्या वेलांट्या पहिल्या काढल्या. तिसरीच्या बाईंना म्हटलं, अहो, काय हे? तर त्या म्हणाल्या की फळ्यावर लिहिताना त्याही मधलीच काहीतरी काढतात, ज्याला जशी हवी तशी त्यानं वाचावी. जी अठरा मुलं बरोबर निघाली त्यांची नावं मी खोडली. त्यात पहिलं नाव आपल्या खारूचं. तिच्या वेलांट्या मी स्वतः घोटून घेतल्यात, तिची चूक होणं शक्यच नाही, म्हणून मला तेवढ्यातही अभिमान वाटला. उरलेल्यांची दप्तरं हिरव्या पेन्सिलीसाठी पाहिली, तर एकोणीस निघाल्या. कोपऱ्यावरच्या दुकानात त्या दोनावर एक फुकट होत्या.

आज बुधवार. सकाळपासून मी त्या एकोणीस जणांना एकेक करून बोलावत होते. चौथीतली दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, हो, शुक्रवारी मी घरी जाणार नाहीये. पुढे विचारलं तर डोळ्यांत पाणी आणि तोंडाला कुलूप. तिच्या वडिलांना तातडीनं बोलावून घेतलं. वडील कुलपं दुरुस्त करणारे, दारात मावेनात एवढे. मोठी खुर्ची नव्हती, म्हणून मुलांच्या खुर्चीत बसले. मी दार लावलं, फोन हाताशी ठेवला (काय सांगावं, माणूस कसा असेल) आणि शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना? दादा, तो माणूस ढसाढसा रडायला लागला. फ्रिज कुठला घ्यायचा ह्यावरून बायको अकरा दिवस त्याच्याशी बोलत नाही, असं निघालं. पाऊण तास मी त्यांचं ऐकलं. मुलगी शुक्रवारी मावशीकडे पोहायला जाणार होती, आणि ते गुपित ठेवायचं कबूल केल्यामुळे रडत होती. बाबा उठले तर खुर्ची त्यांच्याबरोबर उठली. शिपाईकाकांनी खेचून काढली, तेव्हा मधल्या सुट्टीतली निम्मी शाळा दाराशी होती. खुर्चीचा एक पाय तेव्हापासून हलतो.

संध्याकाळी घरी आले ती रडकुंडीलाच. उद्या दुपारची मुदत, यादीत अजून अकरा मुलं, आणि ते एक पोर कुठेतरी आपल्या घरात बसून शुक्रवार मोजतंय. मी स्वयंपाकघरात नुसती यादी धरून बसले होते. खारू जमिनीवर बसून तुझ्याकडे न्यायच्या खोक्यांवर चिकटवायला कागद लिहीत होती. हिरव्या पेन्सिलीनं. मी पाहिलं, आणि "घरी"ची वेलांटी दुसरी आहे ना एवढंच तपासून मान फिरवली. माझ्या अकलेला दाद दे.

मग ती म्हणाली, "आत्या, आता पुरे. त्या काकांना परत बोलावू नकोस. तू चुकीच्या मुलांना विचारतेयस."

चिठ्ठी तिचीच होती. तिनं चारही वेलांट्या मुद्दाम पहिल्या काढल्या होत्या, मी ओळखू नये म्हणून. आणि मी "घरी" म्हणजे शाळा सुटल्यावरचं घर समजून गावभर फिरत होते. दोन वर्षं ही पोर माझ्या घराला "आत्याकडे" म्हणते. (त्याचं मला वाईट वाटतं, तेही आजच कळलं.) "घरी" हा शब्द तुझ्या फोनमधून येतो: आता घरी जायचं, घरी तुझी खोली आहे, घरी झोका बांधतोय. चिठ्ठीतलं घर तुझं होतं, दादा.

मी विचारलं, अगं, रोज माझ्या समोर जेवायला बसतेस, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "इथं सांगितलं असतं तर तू लगेच बाबांना फोन केला असतास. डब्यातलं तू कुणाला सांगत नाहीस."

एवढी वर्षं मी हे काम करतेय, पण डब्याचा उपयोग असा मला कुणी समजावून सांगितला नव्हता. मी स्वयंपाकघरातच रडले. तिनं मला पाणी आणून दिलं, आणि "घाई नाही, सावकाश सांग" म्हणाली. हे माझंच वाक्य आहे.

ही सारी हकिगत लिहायची परवानगी मी तिच्याकडून रीतसर घेतली आहे. ती शेजारी बसून वाचतेय आणि आतापर्यंत तिनं माझ्या तीन वेलांट्या सुधारल्यात. का यायचं नाही, हे मात्र लिहायची परवानगी नाही. मोठ्या बाईंना उद्या सकाळी सांगेन की पोर सापडलं, सुखरूप आहे, नाव विचारू नका. खोलीचं काय करायचं ते त्या करोत. शेजारची नर्स सकाळच्या बसनं तुमच्या बाजूला येते, तिच्या हाती हे पत्र देतेय. आजच्या आज वाच. पट्टा लाव.

तुझी धाकटी

ता. क. शुक्रवारी चारला नको, अकराला ये, आणि घरी नको, शाळेत ये. गाडी सामानाची आणू नकोस. जिन्याखाली खोली आहे. हलणाऱ्या खुर्चीत तू बस, चांगली तिला दे. मी आत थांबणार नाही, कारण ऐकणाऱ्यानं कुणाच्या बाजूचं असून चालत नाही. तिनं "नाही" म्हटलं तर समजूत काढू नकोस. "हो" म्हटलं तरी दुसऱ्यांदा विचार.

ता. क. २ (खारूच्या हातचं)
बाबा, भिंतीला पिवळा रंग हवा की निळा, ते तू तीनदा विचारलंस. यायचंय का, ते एकदाही विचारलं नाहीस. – मी

(वेलांट्या तपासल्या. सगळ्या बरोबर आहेत.)

ता. क. ३ ती पाकीट आणायला गेलीय, म्हणून घाईत. सुरुवातीला मी पाय पसरून बसण्याचं आणि दोन वेळच्या चहाचं लिहिलंय, ते खोडायचं राहिलं. अकरा वाजता तू फक्त तिला विचार. मला काही विचारू नकोस. विचारलंस तर मी खरं सांगेन.