फोटो सुकायला एक दिवस

अण्णा, समोरच्या खोलीतला तुमचा फोटो आज भिंतीवरून उतरवला. गालावर प्लॅस्टिकच्या फिल्मखाली आलेले फुगे आता डोळ्यापर्यंत गेले होते. परवा तुमची तिथी, म्हणून नवा करून घ्यायला फ्रीगंज बाजारातल्या छपाईच्या दुकानात गेलो. मी तिथं आता कामाला नाही, पण मालकाचा मुलगा ओळखतो. "काका, फिल्म कौनसी? ग्लॉस की मॅट?" त्यानं विचारलं आणि मी पहिल्या वेळेसारखाच अडकलो.

तुम्ही पाट्या रंगवायचा आणि मी हाताखाली असायचो, त्या वर्षांत एसटीडी बूथ, कोल्ड्रिंक, कंप्युटर क्लास, रोज नव्या पाट्या यायच्या. तुम्ही रंगवलेल्या पाट्या ओसरीत भिंतीला टेकवून ठेवायचा आणि कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. एकदा गिऱ्हाईक समोर उभं होतं म्हणून मी ओल्या अक्षरांवरच वार्निश मारलं. अक्षरं पसरली. तुम्ही ओरडला नाहीत. "घाई तुला, भोगायचं पाटीनं. वास गेल्याशिवाय रंगाला झाकू नकोस," एवढंच म्हणालात आणि सगळी अक्षरं पुन्हा काढलीत. शाळा आठवीत सुटली, पण हे वाक्य मात्र पक्कं बसलं. पुढे फ्रीगंजला छपाईचं मोठं मशीन आलं, तुमचं काम आटलं आणि मी त्याच दुकानात छापलेल्या चित्रांवर फिल्म चढवायला लागलो. मी घरी चकचकीत ग्लॉसचा तुकडा आणला तेव्हा तुम्ही त्यावर अंगठा फिरवून म्हणालात, "पुसायला बरं, बघायला वाईट."

तुम्ही गेलात त्याच्या अकराव्या दिवशी मी मुंडण केलेल्या डोक्यानं दुकानात गेलो. तेराव्याला फोटो हवा होता. छपाई झाली आणि मी फिल्म निवडत बसलो. ग्लॉस घ्यावी तर आईनं लावलेलं गंध, उदबत्तीची काजळी, सगळं एका फडक्यात निघेल. पण आपली ती भिंत दारासमोरची, सकाळभर ऊन. तुकडा तुमच्या चेहऱ्यावर धरला तर त्यात माझंच तुळतुळीत डोकं दिसलं. बिनचमकीची मॅट धरली तर डोळे जरा विझल्यासारखे. पुन्हा ग्लॉस, पुन्हा मॅट. शेवटी मालक म्हणाला, "अरे दादा, बाऊजी का फोटो है, साडी की दुकान थोडी है! मॅट लगाओ और घर जाओ." त्या दिवसांत मला रडू आलं नाही. डोक्यात फक्त फिल्म होती. मॅट घेतली. ती बरोबरच होती, आजही तेच म्हणेन.

शाई मात्र ओली होती. छापलेलं चित्र एक दिवस दोरीवर सुकवायचं, मगच फिल्म चढवायची, हा नेम मीच इतरांना सांगायचो. तुम्हाला मी एक तास दिला. उन्हाळ्यात फुगे आले. आई म्हणाली, "अरे, ह्यांच्या गालाला फोड आलेत की! थांब, गंध लावते, थंड वाटेल." मी सांगितलं, फिल्म खराब निघाली, इंदूरहून आलेली. आई शेवटपर्यंत त्या इंदूरवाल्याला बोलत होती. "मेल्यानं माझ्या नवऱ्याचं तोंड सुजवलं." मी मान हलवायचो.

फिल्म चांगली होती, अण्णा. वेळही होता, एक सबंध दिवस होता. दोरीवर एका बाजूला कोचिंग क्लासची जाहिरात, दुसऱ्या बाजूला साड्यांचा सेल आणि मधे तुम्ही, ओले, माझ्याकडे बघत. ते मला सोसेना. म्हणून चित्र उतरवून फिल्मच्या मशीनमध्ये घातलं. रोलर तुम्हाला आत ओढत होता आणि मी कड सरळ जातेय ना, एवढंच बघत होतो.

आज मॅटच सांगितली. मुलगा म्हणाला, "काका, अब की स्याही तुरंत सूखती है, रुकने की जरूरत नहीं." मी म्हटलं, तरी आज दोरीवर राहू दे, फिल्म उद्या चढव. तो हसला, पण त्यानं फोटो दोरीवर लावला आणि मला स्टूल दिलं. दुकान बंद होईपर्यंत तुमच्यासमोर बसायचं असं मी घरून ठरवून निघालो होतो. दहा मिनिटं बसलो असेन, कदाचित तेवढीही नाही. मग घरी आलो आणि तुम्हाला लिहायला हा कागद घेतला.