आमच्या मोरीचं भोक आणि बादशहाचं तळघर

पहिली आली ती तोंका. माणसं यायची होती माझ्याकडे, पण समोरच्या दारातून ती अशी निघाली जणू तिच्याच मुलीला बघायला पाहुणे येताहेत. केस कुरळे केलेले, रविवारचे कानातले घातलेले (वार मंगळवार!) आणि हातात रिकामी वाटी. "पेरिना, जरा मीठ आहे का गं?" मी म्हटलं, "मीठ हवंय की पाहुणे बघायचेत?" म्हणाली, "दोन्ही," आणि बसली की खुर्ची ओढून!

थांब. पत्रात आधी ख्यालीखुशाली विचारायची असते, आईने आपल्याला तेवढं तरी शिकवलं होतं. तर चिरंजीव श्पिरो, तुला आणि तुझ्या मिलेनाला आक्काचे भरभरून आशीर्वाद. तिकडे चिलीत तुझे गुडघे कसे आहेत? तुमचा उन्हाळा आमच्या थंडीत येतो, त्यामुळे ते दुखतात कधी नि थांबतात कधी याचा मला आजवर उलगडा झालेला नाही. माझं बरं चाललंय. दक्षिणेचा वारा सुटला की सगळं स्प्लिट शहर एकमेकांवर खेकसतं, तशी मीही खेकसते, म्हणजे तब्येत ठणठणीत समज.

तर झालं असं. शहरातल्या वाटाड्यांच्या मंडळाने पाहुण्यांसाठी नवी फेरी काढलीय. जुनं सगळं बघून झालं ना लोकांचं! घंटाघर झालं, चौकातला काळ्या दगडाचा स्फिंक्स झाला, क्लिसचा किल्ला झाला, त्या भल्यामोठ्या बिशपच्या पुतळ्याचा अंगठासुद्धा नशीब उघडावं म्हणून घासघासून सोन्यासारखा झाला. (माझ्या नातीने परीक्षेआधी घासला आणि नापास झाली. यात अंगठ्याचा दोष नाही, ती घासून घरी आली ती सरळ झोपली.) आता म्हणे लोकांना रोमन बादशहाच्या जुन्या महालात घरं करून राहिलेल्या आपल्यासारख्या माणसांची घरं बघायचीत. तशी ती बघतातच. गेल्या उन्हाळ्यात एकजण खिडकीतून माझ्या पातेल्याचा फोटो काढत होता, मी उठून झाकण काढून दिलं, बिचाऱ्याला नुसतं झाकण काय दिसणार? पण या फेरीत एका गल्लीतलं एकच घर घ्यायचं, असा नियम. म्हणजे आपल्या गल्लीत एक तर मी, नाही तर तोंका.

आता तोंकाच्या भिंतीत तो सिंह आहे, बादशहाच्या वेळचा, नाक नसलेला. त्या सिंहाने मला जन्मभर छळलंय रे. लग्न झालेली प्रत्येक जोडी त्याच्यापाशी उभी राहून फोटो काढणार, आणि तोंका दारात अशी उभी राहणार जणू तीच त्याला व्यालीय. माझ्या भिंतीत काय, तर ओल. पण श्पिरो, आपल्या मोरीत भोक आहे! आईने, आजीने, तिच्या आजीने त्याच भोकातून खरकटं टाकलं, राख टाकली, माशांची डोकी टाकली, फुटकी मडकी टाकली, आणि सगळं गेलं खाली बादशहाच्या तळघरात. गल्लीगल्लीच्या बायकांनी शेकडो वर्षं असं टाकून टाकून ते तळघर गच्च भरलं. गच्च भरलं म्हणून कुणाला तिथलं काही फोडता आलं नाही की चोरता आलं नाही. मग शिकलेल्या माणसांनी उपसलं, तर आत कमानी कोऱ्या करकरीत! आज सगळं जग तिकीट काढून ते बघायला येतं. बादशहाने बांधलं, कबूल. सांभाळलं कुणी? आपल्या खरकट्याने.

हेच मी घर निवडायला आलेल्या त्या दोघांना सांगितलं. एक मंडळाची नेवेन्का, गोड मुलगी, पण सारखी घड्याळाकडे बघणारी. आणि दुसरे वित्स्को म्हणून दगडांचे जाणकार, माझ्याच वयाचे, सभ्य गृहस्थ. (विधुर आहेत. हे मी विचारलं नव्हतं, तोंकाने विचारलं.) ते बिचारे ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसले, भोकात विजेरी मारली, कान लावला आणि हळहळत म्हणाले, "पेरिनाबाई, मध्येच बुजलेलं दिसतंय हो. कुठेच न जाणारं भोक लोकांना काय दाखवायचं?" तोंका खुर्चीतून म्हणते, "माझा सिंहही कुठे जात नाही, पण निदान दिसतो तरी!" आणि नेवेन्काने पिशवी उचलली.

 एवढ्या बायकांनी उभा जन्म घासून, धुऊन, ओतून काढला, आणि शेवटी नाव कुणाचं होणार, तर नकट्या सिंहाचं? शेजारी परातीत तारली मासे साफ केल्याचं पाणी होतं, खवल्या-डोक्यांसकट. मी परात उचलली. रीतीप्रमाणे आधी आजीसारखं "पाऽऽणी!" म्हणून ओरडले (खाली माणसं उभी आहेत हे मला कुणी सांगितलं होतं?) आणि दिलं ओतून. गुडगुडलं. अडकलं. पुन्हा गुडगुडलं. मग सगळं शांत. आम्ही चौघं भोकावर वाकलेलो. आणि खालून किंकाळी आली! मग आणखी एक. आणि मग, देवाशपथ सांगते, टाळ्या.

थोड्या वेळाने जिना धडधडत वर कोण यावं? तोंकाचा जावई स्टिपे! तो तळघरात जर्मन पाहुण्यांना माहिती सांगत होता. केसांत खवले, कॉलरवर माशाचं एक डोकं, आणि वास तर विचारू नकोस. "कुणी केलं हे? कुणी?" तोंका किंचाळली, "अगं बाई, जावईबापू!" पण वित्स्कोंनी त्याचा ओला शर्टच धरला. "नेमके कुठे उभे होतात? आठवून सांगा!"

"मोठ्या दालनात, कमानीखाली! पण ही म्हातारी..."

"आणि तुमचे पाहुणे?"

"ते खूश आहेत! त्यांना वाटलं तिकिटातच आहे! एक बाई विचारतेय, पुढचं पाणी किती वाजता?"

वित्स्कोंनी माझे दोन्ही गाल चुंबले. नेवेन्काने पिशवी खाली ठेवली आणि आपलं घर लिहून घेतलं. आपलं घर, श्पिरो! तोंका नाक मुरडून म्हणाली, "माझ्या सिंहाला वास तरी नाही येत," पण गोड दारूची बाटली तिनेच घरून आणली, आणि स्टिपेला मी आमच्या ह्यांचा स्वेटर दिला. शोभतो त्याला.

तुझी,
आक्का पेरिना

ता. क. आपल्या भोकाखालच्या दालनाचा एक कोपरा अजून उपसायचा राहिलाय म्हणे. त्यात जे सापडेल ते कुणाचं हे ओळखायला घरचं माणूस हवंय. मी सांगून टाकलं की माझा भाऊ येतोय, निम्म्या वस्तू त्यानेच टाकल्यात. तेव्हा तुझ्या सहलीतलं ते रोम नि व्हेनिस राहू दे. दोन बोटींच्या मधल्या एका दुपारी येऊन आक्काला भेटतो म्हणतोस, पण एका दुपारीत माझी एक गोष्टसुद्धा पुरी होत नाही, हे पत्रावरून दिसतंयच. महिनाभर राहायला ये. किती वर्षं झाली तुला बघून, ते मी मोजत नाही.

आणखी एक ता. क. तुझ्यासाठी खाट तोंकाने दिलीय. तुला सांगू नकोस म्हणाली, म्हणून सांगत नाही.

आणि हो, नेवेन्का नि वित्स्को त्या कोपऱ्यासाठी परत यायचं म्हणालेत मे महिन्याच्या सहा तारखेला, संत दुयेच्या सणाच्या आदल्या दिवशी, सकाळी, मासळीबाजार उठायच्या आत.