पुस्तकं कुणाच्या मेलवर

वडगाव, बेळगाव
१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

ती. सौ. रचनाआक्कास,

नागेंद्रचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा त्याच्या मर्जीने दुखतो आणि मर्जीने थांबतो. आप्पांनी चारातले दोन माग विकले, पण कटकट अजून चार मागांएवढी करतात. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

पत्र कशाला, म्हणशील. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि व्हॉट्सअ‍ॅप तुझ्याआधी मुलं वाचतात. काकांचा शामू उद्या निपाणीला येतोय, त्याच्याजवळ हे पाकीट देतो. आत पेनड्राइव्ह आहे. शामूला पाकिटात डोकवायची खोड आहे म्हणून चिकटपट्टी तीनदा गुंडाळली आहे.

आता मुद्द्यावर येतो, आणि चिडूनच येतो. ‘अ‍ॅपमध्येच उघडणारी, कुलूपवाली ई-पुस्तकं घेऊ नकोस’ हे तुला दिवाळीच्या आधी दोनदा सांगितलं. तरी तू तीच घेतलीस. खातं भाऊजींच्या नंबरवर, का तर घरातलं सगळंच त्यांच्या नंबरवर. नव्या लॅपटॉपवर पुस्तक उघडायला गेलीस तर ओटीपी भाऊजींच्या मोबाइलवर, भाऊजी तंबाखूच्या वखारीत, आणि मोबाइल खुंटीवरच्या शर्टात. तू दोन तास वाट बघितलीस आणि मला लिहिलंस, ‘पुस्तक रुसलंय.’ आक्का, पुस्तक रुसत नाही. तू ते विकत घेतलंच नाहीस. तू फक्त बघायची परवानगी घेतलीस, तीही नवऱ्यामार्फत.

मी पुस्तकं घेतो ती थेट प्रकाशकाकडून. साधी फाइल मिळते. लॅपटॉपवर ठेव, मोबाइलवर ठेव, नेट नसताना वाच, दहा वर्षांनी वाच. दिलेलं परत काढून घ्यायला कुणी येत नाही. फक्त प्रत्येक पानाच्या तळाशी घेणाऱ्याचं नाव आणि मेल छापलेला असतो. म्हणून गावभर वाटत सुटू नकोस, लिहिणाऱ्यालाही पोट आहे. आणि सहाशे पानांची झेरॉक्स काढून पाठव म्हणालीस, ते मी ऐकलंच नाही असं समज.

पेनड्राइव्हमध्ये तीन पुस्तकं आहेत. पहिलं डेटाबेसचं, निळ्या मुखपृष्ठाचं. सुरुवात त्याच्यानेच कर, रोज वीस पानं. दुसरं माझं सगळ्यात लाडकं. दुसऱ्याने लिहून ठेवलेला जुना कोड काही न मोडता कसा बदलायचा, एवढंच त्यात आहे. उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात मशीनचे प्रोग्रॅम कुणी कधी लिहिले देव जाणे. मी पहिल्या दिवसापासून ह्या पुस्तकावर नोकरी टिकवून आहे. तिसरं पायथनचं, चांगलं जाड. त्याची पहिली चार प्रकरणं सोडून दे, तिथे लेखक स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन बसलाय. पाचव्यापासून माणसात येतो.

हे सगळं मी तुला फोनवरही सांगितलं असतं. पण रविवारी तुझा आवाजी मेसेज आला. ‘सोपं कायतरी सांग रं. माझं डोकं मुळातच तेवढं न्हाय. आन् पुस्तकं तुझ्याच मेलवर घे, माझं नाव कशाला त्येच्यावर. टिळकवाडीच्या कंपनीच्या नोकरीच्या फॉर्मवर बी तुझाच मेल दिलाय, चोवीस तारखेच्या परीक्षेचं तिथंच येईल.’

मी तो मेसेज तीनदा ऐकला. तुझी भावजय नीलम ताट वाढत होती, तिला म्हटलं भूक नाही. ती म्हणाली, ‘पुस्तकं मागितली म्हणून कोण एवढं चिडतंय व्हय?’

बरोबर आहे तिचं.

आपल्या घराला एकच मेल होता, आठवतं? मी सायबर कॅफेत उघडलेला. आप्पांच्या सुताची बिलं, गॅस, तुझे इंजिनिअरिंगचे निकाल, सगळं त्याच्यावर यायचं. पासवर्ड माझ्याकडे, कारण मी घरातला मुलगा. मला पहिला प्रोग्रॅम तू शिकवलास, मागाच्या आवाजात ओरडून ओरडून. पण मेल मात्र माझा.

२०१४ च्या मार्चमध्ये तू पुण्याच्या कंपनीची लेखी परीक्षा देऊन आलीस. रोज संध्याकाळी विचारायचीस, ‘मेल आला काय रं?’ मी म्हणायचो, ‘न्हाय गं.’

आक्का, मेल आला होता.

गुरुवारी आला. तू लेखीत पास झाली होतीस आणि सोमवारी मुलाखतीला बोलावलं होतं. शनिवारी निपाणीचे पाहुणे तुला बघायला येणार होते. मी मेल आप्पांना वाचून दाखवला. आप्पा म्हणाले, ‘शनवार होऊ दे. मग सांगू.’ शनिवारी पसंती झाली, रविवारी सुपारी फुटली, सोमवार तसाच गेला. मग मला तोंड उरलं नाही. मी हे आप्पांवर ढकलत नाही. आप्पांनी दोन दिवस मागितले होते. पुढची अकरा वर्षं माझी आहेत.

भाऊजी चांगले आहेत, तुझा संसार चांगला आहे, असं मी मनाशी घोकत राहिलो. मला वाटलं तू पुणं विसरशील. पुणं तू विसरलीसही, पण आपण नापास झालो हे धरून ठेवलंस. दरवेळी ‘माझं डोकं तेवढं न्हाय’ म्हणतेस आणि दरवेळी मी तुझ्यावर खेकसतो. तुला वाटत असेल की माझा स्वभावच तसा झालाय.

तो मेल छापून पाकिटात ठेवला आहे. पुस्तकांच्या आधी तो वाच. मग तुला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. काहीच बोलायचं नसलं तरी २४ ची परीक्षा सोडू नकोस. तुझं डोकं तेव्हाही पुरत होतं.

तिन्ही पुस्तकं मी तुझ्या नावावर घेतली आहेत. मेल तेवढा माझा छापला गेलाय, कारण तुझा मेलच नाही. म्हणून आजच स्वतःचा मेल उघड, नंबर तुझ्याच मोबाइलचा दे, आणि ‘माझा मेल बदलला आहे’ असं कंपनीला कळव. परीक्षेचं काहीही माझ्याकडे येता कामा नये. पासवर्ड भाऊजींना सांगू नकोस, मुलांना सांगू नकोस. आणि मी कितीही गोड बोलून मागितला तरी मला देऊ नकोस.

तू विचारल्यावर खोटं बोललेला तुझा भाऊ,
नागेंद्र