कोरीटच्या दारोदारचा कडुलिंब

नंदुरबार, फाल्गुन वद्य तृतीया

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या झिपरूचे तुझ्या दोन्ही पायांवर डोके. (एक गुडघा दुखतो असे दाजींनी कळवले, म्हणून त्या पायावर जरा हलकेच.) म्हैस व्याली का? इकडे सगळे खुशाल. तुझी भाची ठकी सहा महिन्यांची झाली. मिशा दिसल्या की ओढते, आणि घरात मिशा एकट्या माझ्याच.

भाऊ सरकारी देवी-डॉक्टर झाला म्हणून तू ब्राह्मणपुरीभर पेढे वाटलेस. कोरीटला त्या डॉक्टराचे काय झाले ते ऐक. तिथे दोन घरांत देवी निघाल्याचे कळले, म्हणून लशीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून बैलगाडीने पोचलो, तर दारोदार कडुलिंबाचे डहाळे! घरात देवी आली की डहाळा लावायचा आणि मग परक्याने आत पाऊल टाकायचे नाही, हे तुला मी काय सांगावे. प्रत्येक दारातून एकच उत्तर, "आमना घरमा देवी येल शे." दोन घरांची चाळीस झाली की काय? पारावर डोके धरून बसलो, तोच सटासट शिंका सुरू झाल्या. घराघरातून लाल मिरचीची फोडणी! देवी असलेल्या घरात कढईत तेल पडत नाही, मग ही कोणती देवी तिखट आमटी जेवणारी? माझी गाडी दिसताच लोकांनी डहाळे अडकवले खरे, पण जेवणवेळ झाली तशा बाया सवयीने चुलीपुढे बसल्या होत्या.

शिंकतच पाटलाच्या आईचे, तुळशीबाईचे, दार गाठले आणि म्हटले, मावशी, अशाने देवीला ठसका लागेल. म्हातारी खुदकन हसली आणि नात बाहेर घेऊन आली. मी म्हातारीला समजावले की टोचलेल्या पोराला देवी सहसा धरत नाही, आणि त्याला धरली नाही की त्याच्याकडून शेजाऱ्याकडेही जात नाही. पण चार घरे तशीच राहिली तर त्यांच्यातूनच ती फिरते आणि टोचण्याच्या वयाची न झालेली तान्ही पोरे गाठते. (सक्तीचा कायदा शहरापुरता; खेड्यात मी नुसते हात जोडायचे.) नातीच्या दंडावर टोचून होते न होते तोच म्हातारी शेजारच्या घराकडे बोट दाखवून कडाडली, "दोधूना पोऱ्याले सोडू नका! त्याना घरथीन देवी मन्हा घर येई." आणि काठी घेऊन माझ्यापुढे निघाली. संध्याकाळपर्यंत छप्पन पोरे टोचली. अक्का, सक्ती मला आजवर दांडगाई वाटायची. आता वाटते, एकाच्या हट्टापायी दुसऱ्याचे लेकरू जाणार असेल, तर सक्ती हवीच, आणि सगळ्यांना सारखी.

दाजींना नमस्कार, लहानांना पापा.

तुझा लाडका,
झिपरू

ता. क. निघताना तुळशीबाईने विचारले, "डाक्तरदादा, तुम्हनी पोरले टोचं का?" मी मान डोलावली.

आणखी ता. क. ठकीला टोचलेले नाही. तीनदा टोचायची सुरी उचलली, तीनदा ती माझ्याकडे बघून हसली, आणि तीनदा मी सुरी खाली ठेवली. टाळाटाळ करणाऱ्या बापांना नोटीस लिहिण्याचे काम माझे. सोमवारी मलाच माझ्या नावाने लिहावी लागेल. त्यात काल मागच्या गल्लीत देवी निघाल्या. मला फार भीती वाटते, अक्का. रविवारी ये. ठकीला तिची आई धरील. तू माझा हात धर.