सख्खी बहीण आहे का?

लाडक्या धाकटे,

थोरलीचा आशीर्वाद घे आणि कुरकुर न करता वाच.

मी मजेत आहे. हॉस्पिटलातली खोली स्वच्छ आहे, फक्त खिडकी उघडत नाही. तपासणीसाठी दिवसभराची लघवी कॅनमध्ये साठवायची, त्यामुळे बाहेर पडता येत नाही. नर्स तो कॅन अत्तराची बाटली असल्यासारखा जपून नेते. सासरीसुद्धा माझी एवढी किंमत कुणी केली नव्हती!

डॉक्टरीणबाई म्हणतात, बायकांचं हार्मोन कुणाच्या शरीरातून लवकर निघून जातं, कुणाच्या रेंगाळतं. ही ठेवण आईबापाकडून येते. त्याने स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो का, हे त्या शोधतायत. ठाम त्यांनाही माहीत नाही. माझं रेंगाळतं, एवढंच.

पोरीला दात आले का? तू वेळेवर जेवतेस ना?

काल बाईंनी विचारलं, "सख्खी बहीण आहे का?" आईचं ते कॅन्सरचं आजारपण काढल्यापासून तू दवाखान्याची पायरी चढत नाहीस. तुलाही तपासायला बोलावतील म्हणून मी पटकन "नाही" म्हणाले. त्यांनी मान डोलावली. रात्रीच हे पत्र लिहायला बसले.

मला इथून सोडायच्या आत कळव. मला बहीण आहे, असं सांगू का?

तुझीच,
ताई